गोणपाटं मी काढली होती

धोंडीतात्याच्या घोरण्याची गोष्ट तुम्ही माझ्या तोंडून ऐकली असेल. बारामतीपासून इंदापुरापर्यंत मी ती कुठं कुठं रंगवली नाही? नाक फुगवून, डोळे मिटून, शेवटी दचकून उठण्यासकट. लोक हसून लोळतात. पण तिच्यामागचं खरं मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

कळंबजवळ कारखान्याकडे जाणारा सिमेंटचा रस्ता होत होता. मी तिथं मुकादम होतो. इंजिनियरसाहेबांनी बजावलं होतं — ओला रस्ता बाळंतिणीसारखा जपायचा. ऊन नको, वारा नको. वर गोणपाटं, आणि ती सुकू द्यायची नाहीत. ते काम तात्याचं. साठीचा माणूस, कालव्यावरून कावडीनं पाणी आणायचा, शिंपडायचा, मग गोणपाटाला हात लावून बघायचा — तापलेल्या कपाळाला लावावा तसा.

त्या दिवशी बाजार होता. सकाळी एक पट्टा ओतून, झाकून साहेब मजुरांना घेऊन पुढं गेले होते. बाजारकरी थांबले. खाली काय झाकलंय, विचारू लागले. आणि मी — माणसं जमली की माझं भान सुटतं. पण पानाशिवाय जीभ चालत नाही, आणि चंची राहिली होती मुक्कामावर, मैलभर लांब. मी तात्याला पिटाळलं.

"मुकादम, पाणी कोण मारंल? वारं लई हाय," तो म्हणाला.

मी आहे ना, म्हटलं.

मग मी गोणपाटं ओढून काढली, जादूगारासारखी, एकेक करून. पिठाचा दगड कसा होतो ते सांगितलं. चैत्रातलं ऊन, भणभणता वारा, आणि मी बोलतोय. किती वेळ? ठाऊक नाही. टाळ्या पडत होत्या. भानावर आलो तेव्हा पट्टाभर केसासारख्या भेगा पसरल्या होत्या. बाजारकरी पांगले. मी गोणपाटं परत टाकली — कोरडीच.

साहेब मजुरांसह परतले. गोणपाट उचलून पाहिलं आणि विचारलं, पाणीवाला कुठं होता? तात्या तेवढ्यात पोचला होता, घामानं निथळत, हातात माझी चंची.

"मुकादम, सांगा की सायबांस्नी, मी कुठं गेलतो ते."

मी काय केलं? घोरून दाखवलं. मजूर हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी तात्याला तिथंच कामावरून काढलं. तात्यानं चंची माझ्या हातात ठेवली, कावड उचलली आणि निघाला. तो काही बोलला असता, तर मी — नाही, ते राहू दे.

पट्टा घणांनी फोडावा लागला. तात्याला पुन्हा कुणी पाण्याला ठेवलं नाही. लोक त्याला तोंडावर घोऱ्या म्हणू लागले. ते नाव माझ्या गोष्टीनंच गावोगाव नेलं.

गेल्या उन्हाळ्यात तो वारला. दहाव्याचं जेवण झालं, आम्ही ओट्यावर बसलो होतो. कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, मुकादम, ती गोष्ट होऊ द्या की. दारात त्याची बायको उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. तात्यानं तिला सांगितलं नसेल का?

मी चंची उघडली, पान लावलं, आणि घोरून दाखवलं.