विजयश्रीच्या कादंबरीतला गुरुवार

विजयश्रीबद्दल मला फार थोडं माहीत आहे. ती जालन्याकडची. चाकणच्या एका कंपनीत माल तपासायच्या कामाला होती आणि पिंपळे गुरवमध्ये भाड्याने राहायची. घरी कोण कोण होतं, मी कधी विचारलं नाही. सकाळी फिरून आलो की मी बसथांब्यावर टेकायचो, तिथेच ती कंपनीच्या बसची वाट बघायची. रोजची दहा मिनिटं, एवढीच ओळख.

मी देवगडकडचा आहे हे कळल्यावर एक दिवस तिने दोनशे पानी वही माझ्या हातात ठेवली. तिने कादंबरी लिहिली होती. समुद्रकाठच्या खेड्यात पुस्तकांचं दुकान चालवणारी मुलगी आणि एक होडीवाला, यांच्या प्रेमाची.

"समुद्र मी टीव्हीवरच बघितलाय, काका. तुम्हाला खोटं वाटलं तर सांगा. प्रकाशकाकडे नेतच नाही मग, रद्दीत घालते."

मी घाबरलो. अठराव्या वर्षी गाव सोडलं, नंतर जन्मभर कारखान्यात लेथ मशीनवर उभा राहिलो. मी काय सांगणार? पण वाचली. दुकान तर इतकं छान रंगवलं होतं, की आत जाऊन बसावं. फक्त ती दोघं भेटायची गुरुवारी, कारण गुरुवारी सगळ्या गावाला सुट्टी!

सांगायचा धीर होईना. दोन दिवस मी दुसऱ्याच रस्त्याने फिरलो. तिसऱ्या दिवशी तिने चौकात गाठलं.

"तोंड चुकवताय, काका. म्हणजे रद्दीच ना?"

"तसं नाही गं. पण गुरुवारची सुट्टी आपल्या एमआयडीसीत. तिकडे होडीवाल्याला कसला गुरुवार?"

ती एवढी हसली, की रिक्षावाले वळून बघायला लागले. "अगं बाई! मी अख्खा समुद्रच कंपनीत कामाला लावला की!"

मग मी कसा कोण जाणे बोलत गेलो. आमच्या खाडीतली होडी भरती बघून निघते, आणि भरतीची वेळ रोज पाऊणएक तास पुढे सरकते, असं सांगितलं.

"म्हणजे ह्यांची भेटही रोज पाऊण तास उशिरा!" तिने तळहातावरच लिहून घेतलं.

गाव सोडल्यापासून भरतीबद्दल मला कुणी विचारलं नव्हतं. मीही तो विषय घरात कधी काढला नव्हता. माझ्याजवळचं तेवढं कुणाच्या तरी उपयोगी पडलं, ते तिच्यामुळे. हे तिला सांगायचं राहून गेलं, म्हणून हे लिहितो आहे.

महिन्याने तिने सगळं पुन्हा लिहून आणलं. मी दोनदा वाचलं आणि सोमवारी वही परत दिली. त्यानंतर ती दिसली नाही. कंपनी जवळ पडावी म्हणून कुरुळीला राहायला गेली, असं तिच्या बसमधल्या पूनमने सांगितलं. वही प्रकाशकाकडे पोचली म्हणे. पुढचं मला ठाऊक नाही.

त्या सोमवारी तिने विचारलं होतं, "आता खोटं वाटतं का?"

"नाही. ओळखीचं वाटलं."

"मग देते नेऊन. आणि काका, कानटोपी घालत जा, गारठा वाढलाय."

"घालतो. बस आली बघ तुझी."