ती म्हणाली, मी न्हाई समाधानी

लातूरच्या प्रशिक्षणात आम्हाला सांगितलं होतं की रस्ते, नळ, शाळा तर झाल्याच. आता लोक सुखी आहेत का, हे सरकारला जाणून घ्यायचंय. मला मुखेडकडची गावं मिळाली. घरोघर विचारायचं आणि उत्तर मोबाइलमध्ये भरायचं.

एका घरी भरदुपारी ओसरीवर बसले. नवरा, बायको आणि नवऱ्याची म्हातारी आई, एवढीच माणसं. प्रश्न बायकोला होते, उत्तरं नवरा देत होता. शेवटी मी तिच्याकडेच बघून विचारलं, एकंदर आयुष्यात तुम्ही समाधानी आहात का?

"हाय की," तो म्हणाला. "काय कमी हाय तिला?"

ती ज्वारी पाखडत होती. सूप खाली ठेवून म्हणाली, "न्हाई. मी न्हाई समाधानी."

त्याने उठून तिच्या कानाखाली अशी लगावली की ती दाराच्या चौकटीवर आदळली. भुवई फुटली. मी मध्ये पडले, तर त्याने मला ढकललं. मनगट उंबऱ्यावर आपटलं. मग तो तिच्या बरगड्यांत, पोटात लाथा घालत राहिला. मी ओरडत होते. शेजारी अंगणात जमले, ओसरीवर कुणी चढलं नाही. उठली ती म्हातारी. तिने मुसळ उचललं आणि पोटच्या पोराच्या गुडघ्यावर घातलं. तो कोसळला, तसं पुन्हा घातलं.

"तुझ्या बापानं बी मला असंच मारलं," ती त्याला म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "घेऊन जा हिला."

मुखेडच्या दवाखान्यात तिच्या भुवईला टाके पडले, पोलिसांत तक्रार झाली.

लातूरच्या बैठकीत मी हे सांगितलं. मारहाण हा दुसऱ्या खात्याचा विषय आहे, असं साहेब म्हणाले. मी विचारलं, "घरातच जिवाची भीती असेल, तर आपण सुख कशाला विचारतोय?" त्यांनी दुसऱ्या गावाचा अहवाल मागवला. पण पुढे बायकांना एकेकटीला, घराबाहेर विचारायचं ठरलं. हदगावकडे मी तसं विचारलं, तेव्हा बायका बोलू लागल्या. काहींनी पदर सरकवून वळ दाखवले.

ती आता देगलूरला भावाकडे असते. मागोमाग म्हातारीही तिथेच आली. नवऱ्याच्या त्या तडाख्यापासून सुनेला डाव्या कानाने ऐकू येत नाही, म्हणून म्हातारी उजवीकडे बसून बोलते.