सोमवारचे रिकामे शोध

विनीता नागपूरची. जीभ तिखट आणि बोटं त्याहून चपळ. अमेरिकेत, टेक्ससमधल्या प्लेनोच्या त्या ऑफिसात निम्मी टीम मराठी होती आणि त्या सगळ्यांना ‘डब्ल्यू’ची सवय लावली ती हिनेच. टीमच्या कामाची सगळी माहिती एका विकीवर होती, म्हणजे टीममधल्या कुणीही पान लिहावं, सुधारावं अशी ऑफिसपुरती साइट. पण काही शोधायचं तर आधी साइट उघडा, मग शोधायचा चौकोन हुडका. “काय गाढवमेहनत करता यार!” म्हणत विनीताने एकेकाच्या टेबलाशी जाऊन ब्राउजरमध्ये सेटिंग करून दिलं. वर जिथे साइटचा पत्ता टाकतात, तिथेच डब्ल्यू, एक स्पेस आणि हवे ते शब्द. एंटर मारला की थेट विकीतलं पान हजर. २००७ साल होतं. मंडळी जाम खूश झाली.

टीम लीड उल्हासकाका पुण्याचे, नियमाला पक्के. त्यांनी त्यात आपली भर घातली. ज्या शोधाला काहीच सापडणार नाही, तो त्यांच्याकडे जाऊन पडायचा. सोमवारच्या मीटिंगमध्ये असे रिकामे शोध ते मोठ्याने वाचायचे आणि ज्याला त्यातलं कळतं त्याने पान लिहायचं. तेही काकांच्याच साच्यात: उद्देश, पायऱ्या, संपर्क. “शोधणाऱ्याला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही,” हे त्यांचं पालुपद. विनीता त्याची हुबेहूब नक्कल करायची. सगळे हसायचे, काकासुद्धा.

अशी ही विनीता, आणि तिचा नवरा तिला मारायचा.

कुणाला खरं वाटलं असतं सांगा! विक्रम म्हणजे तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत आरतीला सगळ्यात पुढे, म्हाताऱ्यांना धावत जाऊन खुर्ची देणारा. रोज बायकोला ऑफिसला सोडायचा, साडेपाचला न्यायला हजर. “नशीब काढलंस गं!” बायका म्हणायच्या. तो तिला गाडी शिकूच देत नाही, हे कुणाला ठाऊक? प्लेनोत गाडी नाही म्हणजे माणसाला पायच नाहीत. तिचा पासपोर्ट त्याच्या कपाटात, कपाटाची किल्ली त्याच्या खिशात. घरच्या कम्प्युटरवर ही काय बघते, ते तो रोज तपासायचा. मारायचा तोही बाहीखाली झाकलं जाईल असा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय! सासरी पाठवताना आईने बजावलं होतं, झाकली मूठ सव्वा लाखाची. विनीताने ती मूठ इतकी वर्षं आवळून धरली होती.

मग एका गुरुवारी विक्रमने तिचा हात चौकटीत असताना दार लोटलं. शुक्रवारी ती सुजलेलं बोट घेऊन ऑफिसला आली. “गाडीच्या दारात सापडलं,” असं सगळ्यांना हसत हसत सांगून झालं. दुपारी टेबलाशी बसली आणि एकदम तिला वाटलं, बस झालं. घर सोडून आलेल्या बायकांना ठेवून घेणाऱ्या जागा असतात म्हणे. शोधू तर खरं. पत्त्याच्या पट्टीत तिने लिहिलं, विमेन्स शेल्टर नियर प्लेनो.

पण बोटांची सवय मेली जाते कुठे! आधी डब्ल्यू टाइप झाला, मग स्पेस. एंटर. स्क्रीनवर आलं: या शब्दांचं पान विकीवर नाही.

शोध काकांकडे गेला होता आणि आता तो पुसायची सोय नव्हती. शोधापुढे नाव नसायचं, पण टीममध्ये बायका दोनच. दुसरी अहिल्या, बिनलग्नाची, स्वतःची गाडी चालवणारी. काकांना कळायला कितीसा वेळ लागणार? आणि काका तर विक्रमबरोबर मंडळाच्या कमिटीवर! चांगल्या मनाने समजूत घालायला जातील. “अरे विक्रम, सांभाळून घे रे तिला.” विक्रम मान डोलावेल, त्यांना चहा पाजेल, दारापर्यंत पोचवायला जाईल. मग दार लावून घेईल.

शनिवार-रविवार तिने कसे काढले, ते तिचं तिलाच ठाऊक. विक्रमचा फोन वाजला की हिच्या हातातलं भांडं थांबायचं.

सोमवारी काकांनी चष्मा लावला आणि लॅपटॉपवरून वाचायला सुरुवात केली. “टेस्ट सर्व्हर रीस्टार्ट. ऋषी, हे तू लिही. सुट्टीचा अर्ज कुणाला पाठवायचा? अहिल्या, तू.” मग ते थांबले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. विनीता टेबलाखाली आपलं दुखरं बोट दाबत बसली.

“पुढचं माझ्याकडे,” काका म्हणाले.

“कुठलं ते?” टीममधला सगळ्यात लहान तो ऋषी, त्याने विचारलं.

“माझ्याकडे म्हटलं ना! चला, पुढे.”

मंगळवारी काका तिच्याशी एक अक्षर बोलले नाहीत. बुधवारीही नाही. हिचा जीव टांगणीला. सांगितलं असेल का विक्रमला? बुधवारी जेवणानंतर तिला राहवेना. निदान तो शोध अजून रिकामा आहे का ते तरी बघू, म्हणून तिने डब्ल्यू टाकून पुन्हा तेच शब्द लिहिले.

पान उघडलं.

इंग्रजीत, काकांच्या नेहमीच्या साच्यात. उद्देश: घरातून सुखरूप बाहेर पडणे. पायऱ्या: एक, आधाराच्या जागा आणि त्यांचे फोन नंबर खाली दिले आहेत, ऑफिसच्या फोनवरून करावेत. दोन, पासपोर्ट हाती नसेल तर त्याच्यासाठी थांबू नये, नवा मिळतो. तीन, गाडी नसेल तर खालच्या नंबरवर कळवावे. संपर्क: शोभना, शेजारच्या फ्रिस्कोतलं घर आणि तिथला फोन नंबर, केव्हाही. टीप: पान लिहिणाऱ्याने हे कुणाच्याही नवऱ्याला सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही.

हे पान दुसऱ्या कुठल्याच पानाला जोडलेलं नव्हतं. तेच शब्द टाकले, तरच सापडणार. विनीताला रडू फुटलं. नवा मिळतो! एवढी साधी गोष्ट, आणि त्या एका पासपोर्टपायी ती किती रात्री त्या घरात निजली होती.

तिने टेबलावरचा फोन उचलला आणि शोभनाकाकूंचा नंबर लावला. काकांच्या बायकोने पहिल्याच रिंगला घेतला.

“हॅलो, मी...”

“नाव नको सांगूस, बाळा,” शोभनाकाकू म्हणाल्या. “कुठे येऊ, तेवढं सांग. निघालेच मी.”

विनीताने डोळे पुसले.

“काकू, मी विनीता,” ती म्हणाली. “विक्रम मला मारतो. साडेपाचला तो येईल. त्याच्या आधी या.”