देवकाबाईच्या वावरात अडलेलं यंत्र

पाहुणा आला की आदर करावा, हे ठीक. पण पाहुण्यानं वावरच तुडवत बसावं? नार्नूरजवळच्या देवकाबाईच्या वावरात वखरणी खोळंबली होती, आणि कॉलेजातून आलेली भाग्यश्री यंत्राची काठी धरून तीच एक रेघ पुन्हा पुन्हा चालत होती. देवकाबाईचा नवरा चंपतराव चहाची केटली घेऊन तिच्या मागंमागं. घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं, अशातली गत.

देवकाबाईचं डोकं फिरलं. "काऊन वं पोरी, आमचा खडक पळून चालला का?"

भाग्यश्रीनं न चिडता सांगितलं. हा काळा खडक म्हणजे कधीकाळचा लाव्हा. थंड होताना त्या वेळची उत्तर दिशा तो धरून ठेवतो. पृथ्वीची चुंबकी उत्तर-दक्षिण मधूनमधून उलटत आली आहे, म्हणून कोणता थर कधी ओतला गेला ते खडकातलं चुंबकत्व या यंत्रानं मोजून ताडता येतं.

"तो ज्वालामुखी गेला मसणात," देवकाबाई म्हणाली. "तो लाखो वर्सं थांबला, अजून थांबन. कापसाची पराटी थांबत नाही."

पण यंत्र दरवेळी खालच्या कोपऱ्यात, मोहाच्या झाडापाशी बिनसायचं. इथं जमिनीत लोखंड पुरलेलं दिसतं, भाग्यश्री म्हणाली, ते काढलं की काम उरकेल. चंपतरावांनी लगेच खणायला सब्बल उचलली.

"आमच्या वावरात लोखंड पुरायले कोण आलं?" देवकाबाई करवादली, आणि तिची नजर मोहाच्या बुडाशी गेली.

तिचं पहिलं लेकरू बारशाआधीच गेलं होतं. बाळंतिणीच्या उशाखालचा विळा तिनं त्याच्या दुपट्यात गुंडाळून दिला होता, एकट्याला भ्या वाटू नये म्हणून. सासरे मारोतराव एकटेच त्याला वावरात पुरून आले. आईला जागा सांगू नये, नाहीतर ती तिथंच बसून राहते, असं म्हणत त्यांनी मरेपर्यंत कोणालाच सांगितलं नाही. तेव्हापासून दरसाल वखर फिरला की ती मागंमागं उकरलेली माती न्याहाळत चालायची.

"सब्बल ठेवा खाली," ती नवऱ्याला म्हणाली. "इळा हाय तो. आपल्या बाळाच्या दुपट्यातला."

चंपतरावांनी सब्बल बांधावर आडवी ठेवली. एवढा कोपरा सोडून देऊ, असं पुटपुटत भाग्यश्री यंत्र बंद करू लागली.

"थांब पोरी," देवकाबाई म्हणाली. "अजून एक डाव चाल. बराबर कुठं हाय, ते दाव मले."