सईच्या गाण्यातला खोकला

“कूलर बंद!”

दारातून आत येताना माणूस नमस्कार म्हणतो. आमच्या वरच्या मजल्यावरचे काका हे म्हणायचे. गाझियाबादचा जून, आणि ह्यांना कूलरची घरघर चालायची नाही. काखेत टेपरेकॉर्डर, खिशात कोरी कॅसेट. आमच्या नव्या सोसायटीतल्या पाचही मराठी घरांतली पोरं त्यांनी अशी घामाघूम करून गायला लावली होती. अशी चिकट माणसं तुम्हीही पाहिली असतील.

“शाळेत गेली की हिंदीच बोलतील हो, सईच्या आई. आत्ताच भरून ठेवू,” हे त्यांचं पालुपद. माझी सई तेव्हा तीन वर्षांची. मांजरीचं गाणं म्हणता म्हणता अडली, बराच वेळ गप्प राहिली, मग आठवून पुढचं म्हणाली. काकांनी लगेच कॅसेटचे मागचे दोन्ही प्लॅस्टिकचे कान मोडून टाकले. उगाच त्यावर कुणी सिनेमाची गाणी भरायला नकोत!

पण ती कॅसेट मागून तर बघा. “घराबाहेर जात नाही.” बारा वर्षं हेच उत्तर. ऐकायचं तर वर जाऊन पाचही घरांची पोरं ऐकायची. माझ्याच पोरीच्या आवाजासाठी मी ताटकळत बसायचं! डोकं फिरायचं अगदी.

शेवटी फीत चिकटायला लागली, तेव्हा त्यांनी कॉपी करून दिली. कशी? वायरीवर विश्वास नाही म्हणून दोन टेपरेकॉर्डर समोरासमोर ठेवून, एकाचा आवाज दुसऱ्यात भरून! सुरुवातीलाच काकांचा खोकला. टेपमधली सई अडते तिथे हे हळूच तिला पुढची ओळ सांगतायत. आणि मूळ फीत त्याच वेळी मशीनमध्ये अडकून तुटली.

“अहो काका, तिचं एवढं एकच गाणं होतं, त्यातही तुम्ही!” मी जिन्यातच ओरडले.

ते ओशाळले. “राहवलं नाही हो. किती वेळ अडली होती बिचारी.”

दोन महिने मी त्यांच्याशी धड बोलले नाही. तिसऱ्या महिन्यात काका गेले.

सई हॉस्टेलला निघाली तेव्हा ती कॉपी मी सीडीवर उतरवायला दिली. दुकानदार भलताच खूश. “मैडम, पीछे कोई अंकल खाँस रहे थे, बीच में बोल भी रहे थे. सब निकाल दिया. एकदम साफ़!”

मी हेडफोन लावला. सई गायला लागली आणि अडली. पुढे नुसती शांतता. तेवढीशी पोर एकटीच ओळ शोधत बसलेली.

भर दुकानात मला रडू फुटलं. “भैया,” मी म्हटलं, “अंकल को वापस डाल दीजिए.”