विषाणूचं दुमडलेलं टोक

ऐंशीचं दशक संपत आलेलं. ठाण्यात वर्तकनगरच्या पलीकडे, जनावरांच्या रोगांवर काम करणाऱ्या एका लहानशा संस्थेत मी पीएचडी करत होते. घर डोंबिवलीला. विषय होता कुत्र्याच्या पिल्लांना रक्ताची हगवण लावून मारणारा पार्व्हो विषाणू. त्याच्या डीएनएची अक्षरं मी क्रमाने वाचत होते. मधला सगळा भाग वाचून झालेला, टोकं तेवढी राहिलेली.

"टोकं सोडून दे," माझे सर म्हणाले. "आहे तेवढ्यात प्रबंध होतो. उगाच वर्ष घालवू नकोस."

मला ते पटेना. ह्या विषाणूचा डीएनए म्हणजे एकेरी धागा. त्याची टोकं केसांच्या पिनेसारखी स्वतःवरच दुमडलेली असतात आणि दुमडीत अक्षरं ठरलेल्या जोड्यांनी समोरासमोर जुळून बसतात. पेशीत शिरल्यावर धाग्याची प्रत काढायला सुरुवात होते ती ह्या दुमडीपासून. टोक नाही तर विषाणूची पुढची पिढी नाही. आणि तेच सोडायचं?

अडचण जिवाणूंची होती. वाचायला पुरेसा डीएनए हवा तर तो जिवाणूंमध्ये घालून वाढवावा लागे, आणि त्यांना असा स्वतःशीच जुळणारा तुकडा खपत नाही. ते तो कापून टाकतात. मी पुन्हा पुन्हा करून पाहिलं, दर वेळी टोक गायब. मग एका जुन्या शोधनिबंधात वाचलं, की जिवाणू थंडाव्यात सावकाश वाढवले तर कधीकधी तुकडा टिकतो. पण जिवाणू वाढवायच्या आमच्या पेटीला, इन्क्युबेटरला, फक्त तापवता यायचं, आणि बाहेर ठाण्याचा मे महिना. संस्थेत एसी एकच, संचालकांच्या केबिनमध्ये.

"मी नाही हं विचारणार," सर म्हणाले.

"मी विचारते."

संचालक फाईल वाचत होते. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला.

"म्हणजे माझ्या खोलीत जंतू ठेवायचे?"

"हो साहेब. त्यांच्या बाटल्या हलवणारं मशीनही ठेवावं लागेल."

"आवाज?"

"होतो."

"वास?"

"तोही येतो."

त्यांनी चष्मा परत चढवला. मग म्हणाले, "कपाटाच्या मागे ठेवा. आणि पाहुणे आले तरी मशीन बंद करायचं नाही, मीच त्यांना बाहेर नेऊन बसवीन."

पुढचे काही आठवडे त्या केबिनमध्ये मशीनची खडखड चालू होती आणि आंबूस वास भरून राहिलेला. शिपाई नाकाला रुमाल लावून चहा न्यायचा. बहुतेक जिवाणूंनी तरीही टोक कापलंच. पण जिवाणूंच्या एका वसाहतीतला तुकडा जेलवर, म्हणजे लहान तुकडे ज्यातून विजेच्या जोरावर जास्त खाली सरकतात त्या थरात, बाकीच्यांपेक्षा किंचित वर थांबला. म्हणजे लांब होता. म्हणजे पूर्ण होता! मी मोठ्याने ओरडले असावे, कारण शेजारच्या खोलीतून लोक बघायला आले.

तरी वाचन होईना. जेलमध्येसुद्धा तो धागा दुमडायचा आणि अक्षरांच्या रेघा एकमेकींवर चढायच्या. दुमड उलगडावी म्हणून मी जेलमध्ये फॉर्मामाइड हे जोड्या सोडवणारं रसायन घातलं, जेल जास्त गरम चालवलं. जेलच्या दोन्ही बाजूंच्या काचा तडकल्या. नव्या आणल्या, पुन्हा लावलं. पावसाळा सरता सरता एक्स-रे फिल्मवर रेघा सुट्या दिसल्या, अगदी शेवटच्या अक्षरापर्यंत.

त्याच सुमारास सर एक परदेशी जर्नल घेऊन आले. त्यांचा चेहरा पडलेला. ह्याच विषाणूच्या तिकडच्या एका नमुन्याच्या टोकांची अक्षरं आमच्या आधी छापून आली होती.

"वाईट वाटून घेऊ नकोस," ते म्हणाले.

वाईट वाटलंच. जेवणाचा डबा मी उघडलाही नाही. पण मग दोन्ही वाचनं खाली-वर मांडून अक्षरन् अक्षर ताडायला बसले. काही जागी आमचं अक्षर वेगळं होतं.

"चुकलं असेल वाचताना," सर म्हणाले.

"नाही सर, समोरचं बघा."

जिथे जिथे एका बाजूचं अक्षर बदललं होतं, तिथे दुमडीत त्याच्या समोरचंही बदललेलं होतं. जोडी कुठेच मोडलेली नव्हती. वाचनातली चूक अशी जोडीजोडीने होत नाही. ठाण्यातल्या पिल्लांचा विषाणू थोडा निराळा होता आणि त्याने आपली दुमड शाबूत ठेवली होती.

सरांनी खुर्ची ओढली, खिशातून पेन काढलं आणि म्हणाले, "पहिल्यापासून दाखव."

आम्ही पहिल्या जोडीपासून सुरुवात केली.