सशाची संकष्टी

आमच्या घरात सकाळी पहिली चौकशी होते ती सशाच्या लेंड्यांची. चहा, पेपर, पाणी आलं की नाही, हे सगळं नंतर. नवरा दात घासता घासता तोंडातल्या फेसासकट विचारतो, "झाल्या का?" मी पिंजऱ्यासमोर उकिडवी बसून सांगते, "झाल्या, भरपूर, गोल गोल." की घरभर दिवाळी. पाहुणे असले तरी आमचं चालूच. "आज जरा बारीक आहेत, नाही?" हे वाक्य आमच्याकडे पोहे खाताना बोललं जातं आणि घरच्या कोणाचाही घास अडत नाही. पाहुण्यांचा अडतो, त्याला आमचा इलाज नाही.

ससा आणला होता मुलीसाठी, ती चौथीत असताना. पुढे मुलगी हॉस्टेलला गेली आणि ससा आमच्या गळ्यात पडला. आम्ही बदलापूरला मांजर्लीत राहतो, दुसऱ्या मजल्यावर. पावसाळ्यात नदी घरात शिरते, त्यामुळे तळमजला का घेतला नाही, हे इथे कोणी कोणाला विचारत नाही. त्या दुसऱ्या मजल्यावर ससा आमच्याबरोबर म्हातारा झाला. एके काळी पांढराशुभ्र होता, आता जुन्या बनियनच्या रंगाचा आहे. आम्ही त्याला म्हातारबा म्हणतो आणि ते त्याला शोभतं.

म्हातारबांचं दुखणं एकच, पोट बंद पडणं. ससा खायचा थांबला की त्याचं आतडं थांबतं, आतडं थांबलं की गॅस धरतो, गॅसने दुखतं आणि दुखतं म्हणून तो अजूनच खात नाही. बिचाऱ्याला ओकता येत नाही, ओरडता येत नाही. कोपऱ्यात गाठोडं होऊन बसतो आणि दात करकर वाजवतो. तो आवाज ऐकला की मी हातातलं काम टाकून धावते.

पहिल्यांदा असं झालं तेव्हा त्याला धुण्याच्या बास्केटमध्ये घालून, वर टॉवेल झाकून, रिक्षाने उल्हासनगर गाठलं. तिथले डॉक्टर मुख्यतः कुत्र्यामांजरांचे, पण सशाला नाही म्हणत नाहीत. सिंधी गृहस्थ, जन्म तिथलाच, मराठी आणि हिंदी एकाच वाक्यात वाढतात. म्हातारबांचं पोट चाचपून म्हणाले, "देखो ताई, इसका पेट मतलब फॅक्टरी आहे. दिन-रात चालू पाहिजे. रॉ मटेरियल एकच. घास! सूखी घास, हरी घास, बस."

माझा नवरा आनंदनगरच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. डॉक्टरांचं हे बोलणं ऐकून त्याला इतका आनंद झाला की आजारी कोण आहे हेच तो विसरला. त्या दिवसापासून सशाचा चार्ज त्याच्याकडे. "लाइन बंद", "लाइन स्लो", "आउटपुट नॉर्मल" असे निरोप तो मला बाजारात फोन करून देतो. तबेल्यातून सुक्या गवताची पोती आणतो. लिफ्टमध्ये शेजारणीने विचारलं, "गाय घेतली का हो?" तर हा म्हणाला, "अजून नाही." डॉक्टरांनी दिलेली हिरवी पूड पाण्यात कालवून सिरिंजने भरवायची, तर निम्मी सशाच्या पोटात आणि निम्मी ह्याच्या शर्टावर. पोट हलावं म्हणून सशाला चालतं ठेवायचं, मग हा रांगत त्याच्या मागे सोफ्याभोवती फेऱ्या घालतो. एकदा दोघंही सोफ्याखाली अडकले. ससा आधी बाहेर आला.

एवढं केल्यावर तो बरा व्हायचा. आणि काही आठवडे गेले की पुन्हा गाठोडं, पुन्हा बास्केट, पुन्हा रिक्षा. डॉक्टर हैराण झाले. "ताई, सच बोलो. इसको मीठा कौन खिलाता है?" मी नवऱ्याकडे पाहिलं, कारण बिस्किटं त्याची. त्याने माझ्याकडे पाहिलं, कारण केळी माझी. सासूबाई बास्केटमध्ये हात घालून सशाला थोपटत होत्या आणि भिंतीवरच्या अल्सेशियनचा फोटो फार मन लावून बघत होत्या.

आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, सशाला घरात कधी मान्यता दिलेली नव्हती. "उंदराचा थोरला भाऊ" म्हणायच्या. पण त्या पहिल्या दुखण्यानंतर त्यांनी त्याच्यासाठी संकष्टी धरली. दर महिन्याला दिवसभर उपास, चंद्र दिसला की मोदकाचा नैवेद्य आणि मग जेवण. वय झालंय, कशाला धरता, असं मी म्हटलं तर त्यांचं उत्तर तयार, "लोक पोराबाळांसाठी धरतात, मी ह्याच्या पोटासाठी धरली. तुला गो काय अडचण?"

तर अशीच एक संकष्टी. चंद्र उगवला होता, नैवेद्य दाखवून झाल्यावर आई गॅलरीत उभ्या राहून त्याला हात जोडत होत्या आणि मी म्हातारबांना गवत घालायला वाकले. त्यांच्या मिशीला काहीतरी लागलं होतं. बोटावर घेऊन पाहिलं. खसखस! शेजारी ओल्या खोबऱ्याचा एक कीस. आणि महाराजांच्या चेहऱ्यावर लग्नाची पंगत उठल्यावर असतं तसलं समाधान.

"आई!"

"काय गो, ओरडतेस काय? चंद्र पळाला का?"

"ह्याला मोदक कोणी दिला?"

"मी दिला," आई म्हणाल्या. त्यांना ह्यात लपवण्यासारखं काही वाटतच नव्हतं, डॉक्टरांसमोर तेवढं बोलायचं नाही इतकंच. "ज्याच्यासाठी उपास धरला त्याच्या आधी मी तोंडात घास घालू? पहिला देवाला, दुसरा ह्याला, मग मी. असंच असतं."

"दर संकष्टीला?"

"दर संकष्टीला. सारणच खातो गुलाम, पारी टाकून देतो."

माझ्या डोक्यात सगळं एकदम जुळलं. सशाचं पोट बिघडलं म्हणून आईंचा उपास. उपास म्हणून मोदक. मोदक म्हणून पोट बंद. पोट बंद म्हणून आईंचा पुढचा उपास आणखी कडक. मला इतकं हसू आलं की फ्रिजला धरून उभं राहावं लागलं. मी कसंबसं समजावून सांगितलं तशा आईही पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. हसता हसता थांबल्या. "म्हंजे मीच गो?" त्यांनी विचारलं, आणि माझंही हसू गेलं.

सकाळी म्हातारबा गाठोडं होऊन बसले होते. या वेळी डॉक्टर फॅक्टरी वगैरे काही बोलले नाहीत. इंजेक्शन दिलं, बराच वेळ पोटाला कान लावला. "ताई, इस उमर में मशीन कितनी बार चालू होणार? दवा मैंने दे दी. आज ह्याने स्वतःच्या तोंडाने खाल्लं पाहिजे. नहीं तो..." पुढचं त्यांनी हवेत सोडलं. परतताना रिक्षात आई बास्केट मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि अंबरनाथ मागे पडेपर्यंत टॉवेलखालून त्याचं पोट चोळत राहिल्या.

घरी आल्यावर सिरिंजने दिलेलं म्हातारबांनी ओघळू दिलं. गवताकडे पाठ केली. कोथिंबिरीसाठी हा प्राणी एके काळी माझ्या पिशवीत शिरायचा, तिच्याकडेही बघेना. आईंचं ताट तसंच झाकून राहिलं. "तो खाईल तेव्हा मी," त्या म्हणाल्या. कालचा उपास, आज हे. मला दोघांचीही भीती वाटायला लागली. सशाला काही झालं तर या बाईच्या घशाखाली मोदक पुन्हा कधी उतरणार नाही, हे मला स्पष्ट दिसत होतं.

दुपारी काहीतरी हाताला काम हवं म्हणून आई देवघरातलं निर्माल्य काढायला उठल्या. गणपतीच्या डोक्यावर कालच्या दूर्वा होत्या. आईंचं माहेर पालेगावच्या बाजूचं. तिथल्या शेतांवर आता टॉवर आलेत, पण भावाच्या घरामागे बांधाचा एक तुकडा शिल्लक आहे आणि दूर्वा त्या तिथूनच आणतात, बाजारातल्या त्यांना चालत नाहीत. जुडी अजून ओलसर, हिरवीगार होती. ती हातात घेऊन त्या पिंजऱ्याजवळून चालल्या आणि म्हातारबांचं नाक हललं.

आई जागच्या जागी बसल्या, पाय पसरून, खाली फरशीवर. एक दूर्वा पुढे धरली. म्हातारबांनी विचार केला. मग शिवणाच्या मशीनखाली कापड सरकावं तशी ती दूर्वा हळूहळू आत सरकत गेली. दुसरी. तिसरी. जुडी संपली! आई गुडघ्यावर हात टेकत उठल्या, देवघरात गेल्या आणि गणपतीच्या पायाशी होत्या त्याही उचलून आणल्या. "दे रे बाबा," गणपतीला म्हणाल्या, "तुला काय, पुढच्या महिन्यात मिळतील."

दिवेलागणीला एक लेंडी पडली. एकच, वाकडीतिकडी, काळीकुट्ट. मी असली सुंदर वस्तू आयुष्यात पाहिलेली नाही. कारखान्यातून आलेल्या नवऱ्याला मी जिन्यातच ओरडून सांगितलं आणि तो "लाइन चालू, लाइन चालू" करत बूट न काढताच आत आला. आईंनी लेंडी उजव्या तळहातावर घेतली होती, खाली डावा हात धरून, अगदी तीर्थ घेतात तशी. आपण काय करतोय हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा तिघंही जमिनीवर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. माझ्या डोळ्यांतलं सगळं पाणी काही हसण्याचं नव्हतं.

डॉक्टरांना फोन केला. "मैंने बोला था ना, घास!" ते खूश होऊन म्हणाले.

"घास कोणाची, ते विचार त्यांना," आई मागून म्हणाल्या.

संकष्टी अजून आहे. फक्त आईंनी देवाशी परस्पर नवा करार केलाय, मोदक तुझे आणि दूर्वा ह्याच्या. आणि त्यात स्वतःसाठी एक कलम घुसवलंय. गेल्या संकष्टीला चंद्र उगवला, मोदकांना वाफ येत होती आणि आम्ही तिघं मोबाइलचा टॉर्च लावून पिंजऱ्यासमोर पालथे पडलो होतो. म्हातारबा दूर्वा खाऊन निवांत बसले होते.

"आई, चंद्र केव्हाच आलाय," नवरा कळवळून म्हणाला. "खाऊन घे की."

"चंद्राचं काय कौतुक," आई म्हणाल्या. "त्याचं पोट कुठे बंद पडतं?"

इतक्यात खालच्या पेपरवर टप असा बारीकसा आवाज झाला. "पडली!" आम्ही तिघंही ओरडलो. आई उठून बसल्या आणि त्यांनी हात जोडले. चंद्र गॅलरीत होता, त्यांची पाठ गॅलरीकडे होती. मग त्यांनी मोदक घेतला.